बातमीचा धनी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘बदलती पत्रकारिता’ ह्या विषयावर आम्ही बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय एवढा ऐसपैस आहे की त्यात शिरलेला माणूस ठरल्या वेळात बाहेर पडेल याची शाश्वती नाही. शिवाय आम्ही पत्रकार नव्हे. सरकारी कागदांवर सह्या करण्यात ज्याची हयात गेली, त्याने वृत्तपत्रांविषयी चार शब्द सांगावेत, हे थोडे धाडसाचेच. तथापि वाचक ह्या नात्याने आमचा अधिकार कोणी नाकारू नये. म्हैसूरसारख्या, महाराष्ट्रापासून दूर असलेल्या गावी राहून मराठी बातमीची वाट पाहणारा वाचक हा इतरांहून थोडा निराळा असतो, एवढे भांडवल आमच्यापाशी आहे. त्या वाचकाच्या बाजूने आम्ही एकच प्रश्न आज मांडणार आहोत. बातमी सांगण्याची रीत बदलली, ती बदलतच राहणार; परंतु बातमीचा धनी कोण? ती खोटी ठरली तर ‘होय, हे मी सांगितले’ असे म्हणून पुढे येणारा माणूस कोठे आहे?

छापखाना येण्यापूर्वी आपल्याकडे बातमी नव्हती असे नाही. दरबारांत अखबारनवीस होते, पेशव्यांच्या दप्तरात बातमीपत्रांच्या चळती होत्या; पण ती बातमी राज्यकर्त्यांची. सामान्य माणसाला मोठ्या घटनेची वार्ता मिळे ती शाहिराच्या डफावर. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा अगिनदासाने रचला, सिंहगडाचा तुळशीदासाने. त्यांत अतिशयोक्ती आहे, वीररसाचा पूर आहे, आजच्या अर्थाने ते वृत्त नव्हेच. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपले नाव गुंफतो. कोणी सांगितले हे ऐकणाऱ्याला कळते, आणि पुढच्या गावी तोच पोवाडा दुसऱ्याने गायला तरी मूळ नाव त्यात राहते.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी, अशी त्याची मांडणी होती. हे पत्र १८४० पर्यंत चालले. त्यातले मराठी आज वाचताना एक गोष्ट जाणवते, ती ही की, लेखक घाईत नाही. वाचकास प्रथम तो विषय समजावून देतो, मग घडलेली गोष्ट सांगतो, मग तीवरून काय बोध घ्यावा तेही सांगतो. शास्त्र्याने पाठ द्यावा तशी ही बातमी. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली, तीही ह्याच वळणाची: वृत्त कमी, विचार अधिक. त्या काळच्या वाचकाला हे लांबण लागत नसे. आठवड्याचे पत्र हाती येई, ते एकजण वाची आणि दहाजण ऐकत. पुराण ऐकणाऱ्या कानांना ऐसपैस वाक्यच गोड लागे.

मग तार आली. १८६६ मध्ये रॉयटरने मुंबईत कचेरी उघडली, आणि १८७० मध्ये समुद्राखालील तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली. बोटीने कित्येक आठवड्यांनी येणारी वार्ता काही तासांत येऊ लागली. पण तारेला शब्दागणिक पैसे पडत. जो शब्द गाळता येईल तो गाळावयाचा, आणि तार मध्येच तुटली तर पंचाईत नको म्हणून मुख्य गोष्ट आरंभीच सांगावयाची, अशी सवय बातमीदारांना लागली. शास्त्रीबोवांचा पाठ शेवटाकडे चढत जाई. तारेची बातमी शिखरावरून सुरू होऊन उतरत जाते. आज प्रत्येक वृत्तपत्रात जी रचना आपण स्वाभाविक समजतो ती मुळी तारेच्या दरपत्रकातून जन्मली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिने लावलेले वळण मात्र राहिले.

साधनांमुळेच बातमी बदलते असे कोणी समजू नये. कोणाच्या घरची गोष्ट ही ‘बातमी’ आणि कोणाच्या घरची नाही, हे संस्कृती ठरवीत असते. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालविले, तेव्हा शेतकरी आणि गिरणी कामगार प्रथमच मराठी छापील पानावर आपल्या भाषेत बोलू लागले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्या नावातच सर्व काही आहे. छापखाने तेच, खिळे तेच, टपालही तेच. बदलला तो सांगणारा, आणि त्याच्यासह बातमीही बदलली.

आता आम्ही ज्या प्रकरणाकडे वळणार आहोत ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण ते आज निराळ्या नजरेने पाहण्याजोगे आहे. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. आगरकर त्याचे संपादक, टिळक ‘मराठा’ पाहत. सुमारे दीड वर्षातच दोघेही डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना छळले जात आहे, आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे ह्या पत्रांनी लिहिले. आधार होता काही पत्रांचा. ती बर्व्यांनी लिहिली आहेत असे सांगण्यात आले होते. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. फिर्यादीने ती मानली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सुटका झाली ती एकशे एक दिवसांनी, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले.

आपण हे प्रकरण देशभक्तीच्या कथेत बसवून टाकतो. खटल्यासाठी जामीन हवा होता तेव्हा जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे उभे राहिले, ही उदारपणाची आठवणही सांगतो. एरवी दोन्ही पक्षांचे विचार किती भिन्न, हे आपण जाणता. पण मूळ मुद्दा राहूनच जातो. बातमी खोटी होती. विशी-पंचविशीतील हे संपादक फसले होते. आलेल्या कागदावर विश्वास ठेवून त्यांनी तो पुढे पाठविला होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ‘फॉरवर्ड’ केला होता. फरक एवढाच की, पत्रावर त्यांचे नाव होते. बर्व्यांना दार ठोठावण्यासाठी दार होते. ज्याची बेअब्रू झाली त्याला न्याय मिळाला, आणि ज्यांनी लिहिले त्यांनी त्याची किंमत मोजली. एवढे झाल्यावरही ‘केसरी’वरील लोकांचा विश्वास उडाला नाही; उलट तो दृढ झाला. अग्रलेखात संपादक ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. लिहिणारा, छापणारा आणि काढणारा असे सारे त्या शब्दाआड एकत्र उभे असतात. (आज येथे आम्हीही तो शब्द वापरीत आहोत, पण उसना.)

वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते. हे पत्र अमक्यांनी अमक्या छापखान्यात छापून अमक्या ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. ही ओळ कोणी वाचीत नाही. ती १८६७ च्या कायद्याने आली. तो कायदा इंग्रजांनी आपल्यावर नजर ठेवण्यासाठी केला, यात शंका नाही; स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला आणि १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा अमलात आला. सरकारी नोकराने कायद्याचे कौतुक करावे हे आपणांस अपेक्षितच असेल. पण आमचे कौतुक कायद्याचे नाही, त्या ओळीचे आहे. पारतंत्र्यात जी ओळ संपादकाला पकडण्यासाठी होती, तीच वाचकाला संपादक सापडावा म्हणूनही उपयोगी पडली.

ह्या दुधारी शस्त्राचा अनुभव आपल्या म्हैसुरासही आहे. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ते १९०८ साल. त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने वृत्तपत्रांविषयीचा कायदा करून सरकारच्या हाती कडक अधिकार घेतले. दिवाण होते व्ही. पी. माधवराव, म्हणजे तंजावरी मराठी घराण्यातले! येथील ‘तातय्या’ एम. वेंकटकृष्णय्या यांनी ‘वृत्तांत चिंतामणी’, ‘साध्वी’ यांसारखी पत्रे चालवून म्हैसूरच्या पत्रकारितेचा पाया घातला. मरिमल्लप्पा विद्यालयाचे ते मुख्याध्यापक. त्यांच्यासारख्यांनी ह्या कायद्याला विरोध केला. एक कन्नड शिक्षक मोकळ्या बातमीच्या बाजूने आणि एक मराठी दिवाण तिला आवरण्याच्या बाजूने, हे चित्र मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात सांगण्यास थोडे अवघड आहे. पण ते तसे आहे.

विसाव्या शतकातील मराठी बातमीविषयी आमची एक तक्रार आहे. वृत्तसंस्थांचा मजकूर टेलिप्रिंटरवर इंग्रजीतून येई आणि रात्रपाळीचा उपसंपादक तो भराभर मराठीत उतरवी. ह्या घाईतून एक विचित्र भाषा जन्मास आली. पूर्वी मंत्री पूल बांधीत. आता ‘पुलाचे बांधकाम हाती घेण्यात येते’. पोलिसांनी कोणास मारले तर ‘सौम्य लाठीमार करण्यात आला’. कोणी केला? कर्ता वाक्यातून परागंदा झाला. ‘करण्यात येत आहे’ ह्या प्रयोगाचे अर्धे श्रेय सरकारी कचेऱ्यांना दिले पाहिजे, आणि तेवढ्यापुरते आम्हीही आरोपी आहोत. बातमीचा धनी प्रथम हरवला तो व्याकरणात, मागाहून जगात. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढून बाजारभाव, नगरपालिका, खेड्यापाड्यांतील घडामोडी यांना जागा दिली. तेथे साधी, छोटी वाक्ये आली आणि लोकांना ती आवडली, हेही नमूद केले पाहिजे.

नभोवाणीविषयी म्हैसूरकरांना फारसे सांगावयास नको. १९३५ च्या सप्टेंबरात महाराजा कॉलेजचे मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ ह्या घरी तीस वॅटचे छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू केले, आणि ‘आकाशवाणी’ हे नाव त्याला मिळाले. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. आपल्या विषयापुरते पाहिले तर नभोवाणीने बातमी पुन्हा कानाकडे नेली, आणि एक चांगला पायंडा पाडला: बातम्यांच्या आरंभी वृत्तनिवेदक आपले नाव सांगतो. लिहिणारा तो नसतो हे खरे. पण आवाजाला नाव असते. मुंबईचे केंद्र रात्री खरखरत लागले, आणि त्यातून एक ओळखीचे मराठी नाव ऐकू आले, की परगावच्या मराठी माणसाला जे वाटे ते येथल्या ज्येष्ठ मंडळींना ठाऊक आहे.

आणखी एक म्हैसुरी उदाहरण द्यावेसे वाटते. १९७० च्या जुलैत पंडित वरदराज अय्यंगार यांनी येथील रामचंद्र अग्रहारातून ‘सुधर्मा’ हे संस्कृत दैनिक सुरू केले. दैनिक, आणि तेही संस्कृतात! ते वाचकांना टपालाने जाते; म्हणजे ‘आजची’ बातमी काश्मीरच्या किंवा काशीच्या वाचकास आणखी काही दिवसांनी मिळावयाची. पुढे पुत्र के. व्ही. संपत्कुमार आणि सूनबाई जयलक्ष्मी यांनी ते चालविले. २०२० मध्ये दोघांना पद्मश्री जाहीर झाली, आणि जून २०२१ मध्ये संपत्कुमारांचे निधन झाल्यावर जयलक्ष्मीबाईंनी धुरा सांभाळली. २००९ पासून ते संगणकावरही वाचता येऊ लागले. व्यवहारी माणूस विचारील, शिळी बातमी घेऊन काय करावयाचे? आम्हांस वाटते, वेगापेक्षा निराळे असे काहीतरी त्या वर्गणीदारांना मिळते. कोणत्या घरातून, कोणत्या हातातून हा कागद निघाला हे त्यांना माहीत असते.

शिळ्या बातमीचा लाभ आपणही घेतला आहे. ह्या मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे येथे दोन-तीन दिवसांनी पोहोचत. तोवर येथील कन्नड दैनिकातून ती घटना कळलेली असे. एकच गोष्ट दोन भाषांत, दोन तऱ्हांनी वाचावयास मिळे. १ नोव्हेंबर हा दिवस घ्या. १९५६ मध्ये ह्याच दिवशी भाषावार राज्यरचना झाली. येथल्या पत्रांत तो राज्योत्सव. बेळगावच्या मराठी पत्रांत तोच ‘काळा दिन’. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, तेव्हाही तेच. इकडे तो अंतिम निर्णय, तिकडे तो अन्याय. सीमाप्रश्नावर सरकारी नोकराने मत द्यावयाचे नसते, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असल्याने कोणी आग्रहही करू नये. परंतु वाचक म्हणून एवढे सांगता येते की, दोन्ही पत्रे वाचणारा म्हैसूरचा मराठी माणूस एकच पत्र वाचणाऱ्यापेक्षा अधिक सावध असतो. छायाचित्र तेच, आकडे तेच. मथळ्यातला एक शब्द बदलला की गोष्ट बदलते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. आणि दोन्ही मथळ्यांमागे कोण आहे, हेही त्याला कळत होते. आमच्या मते परगावी राहण्याचा हा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि आपली मुले तो गमावीत आहेत. कन्नड येते ती बोलण्यापुरती, मराठी येते ती ऐकण्यापुरती, आणि बातमी येते ती तिसऱ्याच भाषेतून.

दूरचित्रवाणीविषयी फार बोलत नाही. २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि म्हैसुरात बसून कोल्हापूरचा पूर डोळ्यांनी दिसू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण चोवीस तास भरावयाचे म्हणजे घडले त्याहून अधिक बोलावे लागते. मग जे घडले नाही त्यावरही चर्चा होते.

आता शेवटचे साधन. ते आपल्या सर्वांच्या खिशात आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. आठवड्याच्या बाजारात आली असता त्यांच्यापैकी एकजण लहान मुलीशी बोलताना दिसला. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे, असे निरोप व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारले. दोन आठवडेही झाले नाहीत तोच, १३ जुलैला आपल्या राज्यातील बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातील मुर्की येथे तेच घडले. हैदराबादच्या तरुणांनी वाटेतल्या गावी मुलांना चॉकलेटे दिली होती. त्यांची मोटार पुढच्या गावी पोहोचण्याआधी त्यांची चित्रफीत पोहोचली. रस्ता अडविला गेला, आणि एक तरुण अभियंता मारला गेला.

त्या निरोपांबरोबर देशभर एक चित्रफीत फिरली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी केलेली फीत. तिच्या अखेरीस ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचा संदेश देणारा फलक दाखवतात. फिरली त्या फितीत हा शेवट कापलेला होता. कोणी कापला? ठाऊक नाही. एकशे एक दिवस कोणीही तुरुंगात गेले नाही, कारण ठोठावण्यास दारच नाही. पोवाड्याच्या अखेरीस शाहिराचे नाव असे. येथे अखेरच नाहीशी केली, आणि तीबरोबर नावही गेले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपलीकडे पाठविता येऊ नये असा निर्बंध घातला. तो उपाय यंत्राचा आहे. माणसाच्या बाजूचा उपाय मात्र आपल्यालाच शोधावा लागेल.

कोणी म्हणेल, ही दूरच्या खेड्यांतली गोष्ट. आपल्या मंडळाच्या गटावरही जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहणारे निरोप आलेले आहेत, आणि त्यांना हात जोडलेली चित्रे आपण सुशिक्षितांनीच पाठविली आहेत. ‘आला तसा पाठवीत आहे’ असे वर लिहिले की आपली जबाबदारी संपली, असे आपण समजतो. डोंगरीला गेलेल्या दोघांना हा बचाव सुचला असता तर? कागद आमच्याकडे आला, आम्ही तो छापला, असे ते सहज म्हणू शकले असते.

कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. ती ठराव म्हणून मांडण्याइतकी मोठी नाही. मंडळाच्या गटावर बातमी टाकणाऱ्याने ती कोणत्या पत्रातली, कोणत्या तारखेची हे लिहावे. ते ठाऊक नसेल तर ‘ही मी स्वतः पाहिली’ किंवा ‘ही मी अमक्याकडून ऐकली’ एवढे लिहून खाली आपले नाव घालावे. दोन्ही जमत नसेल तर ती टाकू नये. दुसरे असे की, मंडळाच्या वाचनालयात एक कन्नड आणि एक मराठी दैनिक, जुने झाले तरी चालेल, टेबलावर शेजारीशेजारी ठेवावे आणि दर महिन्याच्या बैठकीत तरुण सभासदांपैकी एकाने एकच बातमी दोन्हींतून वाचून दाखवावी. वर्गणीचा खर्च पहिल्या वर्षी आम्ही देऊ.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. कोणास शंका असल्यास त्या अवश्य विचाराव्यात. विचारणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे.